ऐंशी मैलांच्या आत

—हो, मीच रोवेना, सगळे रो म्हणतात, पण ते तुम्हाला सांगितलं कुणी? क्लाइव्हनं? त्या काउंटरवाल्याच्या तोंडाला झाकणच नाही. बसा. तिथं नको, तिथं वायर आहे—इथं बसा, उजेडात. तुमचं तोंड दिसू दे मला. आता मला सांगा काका, दुपारी दोन वाजता पबच्या मागच्या खोलीत येतं कोण? एक आम्ही, आणि दुसरी फरशी पुसणारी बाई. आणि तुम्ही! इस्त्रीचा शर्ट, चकचकीत बूट, हातात लिंबू-सोडा. आमच्या या लफबरो गावात शुक्रवारी लिंबू-सोडा पिणारा माणूस एक तर गाडी चालवत आलेला असतो, नाही तर कामावर असतो. तुम्ही कामावर आहात ना? थांबा—बोलू नका. आधी मी बोलते. माणसाला आधी बोलू दिलं की तो चांगलं घोटून घोटून खोटं बोलतो. माझ्या बापाकडे बघून शिकलेय मी ते.

आत आल्या आल्या तुम्ही भिंतीवरचं पोस्टर वाचत उभे राहिलात, पाहिलं मी. हल्टन फील्डचा संगीत महोत्सव. वाचा, वाचा, मोठ्यानं वाचा. वरची तीन नावं हाताएवढ्या अक्षरांत—शुक्रवारचे अमेरिकेचे, शनिवारचे ऑस्ट्रेलियाचे, रविवारचे परत अमेरिकेचे. लेस्टरशरचं शेत, लेस्टरशरचा चिखल, रांगेत उभी राहणारी माणसं लेस्टरशरची, आणि शेवटी दिवे लावून वाजवणारे मात्र विमानातून उतरणार. आमचे कुठे आहेत? अजून खाली. अजून. चष्मा लावा. तिथं, प्रायोजकांच्या चिन्हांच्या वर, मुंग्यांच्या रांगेसारखी अक्षरं आहेत ना, त्यातली डावीकडून सातवी मुंगी म्हणजे आम्ही. आमचा बँड, ‘स्लो हेजहॉग’. रविवार, दुपारी बारा, तिसरा मंच. त्या वेळेला लोक तंबूत दात घासत असतात.

आणि मग माझा बाप—टेरी नाव त्याचं, घडीची खुर्ची घेऊन दर वर्षी जातो, तीस वर्षांपूर्वीचा टी-शर्ट पोटावर ताणून—तो म्हणतो, ‘आपल्याकडे आता बँडच उरले नाहीत गं, आमच्या वेळी कसे होते!’ उरले नाहीत? झाडावर लागतात का ते? तुमच्या वेळी या एका गावात अशा पाच खोल्या होत्या, रोज कुणी ना कुणी बेसूर वाजवायचं, लोक ग्लास फेकायचे, त्यातला एखादा दहा वर्षांनी त्या शेतातल्या मोठ्या मंचावर चढायचा. त्या पाच खोल्यांचं काय केलंत? वर फ्लॅट बांधलेत, तुम्हीच त्यात राहायला गेलात, आणि मग खालून आवाज येतो म्हणून नगरपालिकेला पत्रं लिहिलीत! अमेरिकेच्या म्हाताऱ्यांसाठी हा माणूस जानेवारीत पहाटे उठून तिकिटाच्या रांगेत संगणकापुढे बसतो. पोरगी त्याच्या घरापासून दोन गल्ल्यांवर वाजवते तेव्हा त्याची पाठ दुखते. हसू नका. तुम्हीही त्याच वयाचे दिसता. तुमचीही दुखत असेल.

बरं, ते जाऊ दे. मुद्द्याचं बोलू. तुम्ही फेस्टिव्हलच्या कचेरीतून आला आहात. नाही म्हणू नका! करार बघायला आलात. ऐंशी मैल, पाच महिने—हल्टनला वाजवायचं असेल तर त्याआधी पाच महिने ऐंशी मैलांच्या आत कुठेही वाजवायचं नाही, म्हणजे लोकांनी तिकीट तिथलंच काढावं. अमेरिकेवाल्यांना काय फरक पडतो त्याचा? त्यांना ऐंशी मैल म्हणजे पाणी प्यायला थांबण्याएवढं अंतर. आमचं अख्खं जग ऐंशी मैलांत बसतं, काका. नॉटिंगहॅम, डर्बी, लेस्टर, बर्मिंगहॅम—संपलं. म्हणजे दुपारी बाराच्या त्या अर्ध्या तासासाठी आम्ही पाच महिने मुके व्हायचं. बोटं मऊ पडतात. नवीन बास वाजवणारी पोरगी अजून माणसांकडे बघून वाजवूच शकत नाही, बुटांकडे बघते. आणि मग रविवारी आम्ही वाईट वाजवणार, आणि कुणीतरी लिहिणार, बघा, म्हणूनच आपले लोक वर जात नाहीत.

बाहेरच्या फळ्यावर काय लिहिलंय? आज संध्याकाळी—‘मिसेस पिकल्स’. मग? असतील कुणी. शेफील्डची पोरं आहेत म्हणे, मी ओळखतही नाही. ही गिटार? ही त्यांचीच. म्हणजे—माझ्याजवळ ठेवलीय. मी फक्त तारा लावून देतेय. दुसऱ्या गाण्यात खालची तार सैल लागते, नाहीतर तो मधला भाग मला जमत—

बरं. आम्हीच. झालं समाधान? लिहून घ्या. आम्हीच मिसेस पिकल्स. सगळेच करतात ते! खोटं नाव लावायचं, फळ्यावर खडूनं लिहायचं, म्हणजे कागदावर काही राहत नाही. आलेल्या प्रत्येकाला माहीत असतं कोण वाजवतंय, आणि बाहेर कुणी बोलत नाही. कुणीच नाही. पैज लावा, या गावात एखादा दुसऱ्याची बायको पळवेल, पण खडूचं नाव फोडणार नाही. मग तुम्हाला कळलं कसं? डेन्झिल बोलला का? आमचा ड्रमवाला. त्याची मैत्रीण हल्टनच्या तिकीटखिडकीत आहे. नाही? मग क्लाइव्ह? की एखाद्या ईमेलवरून कळलं? कुठल्या तरी बनावट पत्त्यावरून, एक ओळ आणि खाली चाळीस सेकंदांचा व्हिडिओ? तसंच येतं ना ते तुमच्याकडे? मला ठाऊक आहे कसं येतं ते. तुम्ही नाव विचारतसुद्धा नाही पाठवणाऱ्याला. एक ‘धन्यवाद’ पाठवता, तोही यंत्रानं लिहिलेला, आणि तीन आठवड्यांनी—

असं काय बघताय?

हो, ठाऊक आहे म्हणजे ठाऊक आहे. बघा, ही सातवी मुंगी आधी आमची नव्हतीच. ‘टिन पार्सन’ची होती. हेस्टर ओल्डरॉइडचा बँड. तुम्हाला माहीत असायला हवं, तुमच्याच कचेरीनं यादीतून काढला तो. तिचं गाणं ऐकलंय कधी? ऐकलं असतंत तर काढला नसता. मी खोटं कशाला बोलू, आमच्यापेक्षा चांगली होती ती. आमच्यापेक्षा म्हणजे—त्या पोस्टरवरच्या पहिल्या ओळीत बसली असती, सात-आठ वर्षांत. या सगळ्या भागात एकच होती तशी. तिनंही तेच केलं, लेस्टरच्या एका चर्चच्या सभागृहात खडूचं नाव लावून वाजवलं, फेब्रुवारीत. मी पुढच्या रांगेत होते. तिची सगळी गाणी मला पाठ आहेत, ओरडून ओरडून घसा बसला माझा—व्हिडिओत माझाच आवाज येतो, लक्ष देऊन ऐका. गाता गाताच धरला होता मी फोन.

मी कॉलेज सोडलं होतं हो! दोन वर्षं झाली होती. घरी रोज जेवताना तेच—काय झालं तुझ्या बँडचं, काय झालं तुझ्या बँडचं. आणि मोकळ्या जागा असतात किती? आपल्या लोकांसाठी ते तळाच्या चार-पाच मुंग्या ठेवतात, बाकी सगळं बाहेरून येतं. त्या चार-पाचांसाठी आम्ही सगळे! मग काय अमेरिकेवाल्यांना ढकलू मी? त्यांच्यापर्यंत माझा हात पोचतो का? शेजारी उभा असतो तोच ढकलता येतो. पाठवला मी व्हिडिओ. मार्चमध्ये तुमचा फोन आला. हेस्टरनं बँड मोडला. आता पार्सलच्या गोदामात खोकी चिकटवते, आणि मला मेसेज करते—‘अभिनंदन गं’. पुढे हृदयाचं चित्र. तिला संशयसुद्धा नाही. मूर्ख आहे. इतकी चांगली माणसं मूर्खच असतात.

आता बोला. काढा आम्हाला, काढायचं तर. नाही तरी—काय? कचेरीतून नाही? मग हातातला कागद कसला? दाखवा. हा तर इथला पत्ता आहे. माझं नाव. हे अक्षर—

हे अक्षर हेस्टरचं आहे.

कोण आहात तुम्ही? ... ओल्डरॉइड.

तुम्ही मघापासून हेच सांगत होतात का? आणि मी बोलूच दिलं नाही. बाहेर गाडीत काय आहे म्हणालात? तिचा अँप, गिटारचा स्पीकर? मला कशाला? रविवारी वाजवायला... आमचा फुटका आहे हे तिला माहीत आहे म्हणून. आपल्यातलं कुणीतरी जातंय म्हणून. नॉटिंगहॅमहून आणलात, एकट्यानं गाडीत चढवून? तो दोघांनाही उचलवत नाही.

दरवेळी तुम्हीच न्यायचात ना तो? तिच्या प्रत्येक कार्यक्रमाला. मी पाहिलंय तुम्हाला, मागे उभे असायचात, कानात कापूस घालून. शेवटपर्यंत. माझ्या लक्षात यायला हवं होतं.

काहीतरी बोला की. शिव्या द्या. बाप आहात ना तुम्ही तिचे? असं उभं काय राहताय टोपी घालून! काय? तिला नाही सांगणार? का नाही सांगणार? मी सांगते तुम्हाला, सांगा तिला! नाही, थांबा—आज नको. रविवारनंतर... नाही.

नका. नका उतरवू तो गाडीतून. मी हात लावणार नाही त्याला. ओल्डरॉइडकाका, दार पुढून उघडत नाही, मागच्या बाजूनं जा. जा म्हणते ना.