एका घरच्या दोन बाटल्या

बसा, काका, बसा — त्या खुर्चीवर नको, तिचा पाय डुगडुगतो, इकडे या. फोनवर घाबरलात ना? अहो, तब्येतीचं काही नाही, तुमची लघवी ठणठणीत आहे, हेवा वाटावा अशी. प्रश्न काकूंच्या बाटलीचा आहे. म्हणजे — स्पष्टच विचारते हं — ती काकूंची आहे का? ... नाही, आधी ऐका, मी रागावले नाहीये, हसूच येतंय मला. कंटाळल्या असतील बिचाऱ्या, दिवसभराची साठवायची म्हणून जाल तिथे बाटली बरोबर, हा काय जाच! आणि तुम्ही म्हणाला असाल, राहू दे तू, दोन्ही मीच भरतो. उभा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात घालवलेला माणूस, लेबलसुद्धा कसं रेषेत चिकटवता — आणि सापडलात कुठे, तर पोटात!

कसं म्हणजे? सांगते ना. या अभ्यासासाठी आम्ही देतो ते सोयाबीन, रोज एकेक वाटी उकडून दोघांनी खायचं, एवढंच तुमचं काम. त्यातलं एक द्रव्य रक्तात उतरतं, लघवीत उतरतं, ते मोजायचं, हे आमचं काम. खाल्लं तर दिसतं, नाही खाल्लं तर नाही दिसत. पण गंमत पुढेच आहे — काहींच्या पोटातले जिवाणू त्या द्रव्याचं आणखी एक नवंच द्रव्य करतात, काहींचे नाही करत. तुमचे करतात. काकूंचे करत नाहीत, सुरुवातीला रक्त घेतलं तेव्हापासून एकदाही केलेलं नाही. एका चुलीवरचं, एका भांड्यातलं खाऊन! तिकडे परदेशात माझ्या सरांना मी कळवलंही होतं, की हे बघा, जन्मभर एकत्र जेवलेली दोन माणसं आणि आतून किती वेगळी. मला ना, काका, इथल्या घराघरातलं असं मोजायचंय, कोणी कधी मोजलेलंच नाही, तिकडच्या लोकांचे आकडे आपण किती दिवस अंगाला लावून घ्यायचे? — असो. तर या वेळी काकूंच्या बाटलीत तेच नवं द्रव्य, अगदी तुमच्याइतकं. आता या वयात काकूंचं पोट एकाएकी तुमच्यासारखं व्हायला — काय झालं? काका? पाणी देऊ?

काकू गेल्या? कधी? ... म्हणजे मागच्या खेपेला बाटल्या देऊन गेलात, त्यानंतर. ... आणि मी मघापासून काय काय बोलत सुटलेय. तुम्ही कळवलंसुद्धा — नाही, मला कशाला कळवाल, मी कोण तुमची. पण मग बाटली का, काका? अभ्यासातून काढून टाकू म्हणून? ... खिडकीवरचा पोरगा? हो, तो ओरडतोच तसा, बाटल्या घेताना, "काका आले, काकू आल्या!" — सगळ्यांच्याच नावाने ओरडतो तो, सवय आहे त्याची. ... "काकू आल्या", तेवढं ऐकायला. बरं. बरं, काका.

नाही हो, रडतेय कुठे, इथल्या रसायनांनी डोळे चुरचुरतात. पण असं लपवायचं नाही. माझ्या बाबांनी लपवलं होतं. मी तिकडे शिकत होते, परीक्षा तोंडावर आलेली, आणि फोन केला की बाबा म्हणायचे, आई झोपलीय. मग अंघोळीला गेलीय. मग शेजारी गेलीय. मी म्हटलं, भलतीच फिरायला लागली की आई! — हसले मी, काका, फोनवर खळखळून हसले, आणि इकडे बाबाही हसले. परीक्षा झाल्यावर सांगितलं. तुझं नुकसान नको, म्हणे. आता लोक म्हणतात, परत आली, ध्येयवादी पोरगी — ध्येय आहेच, नाही कोण म्हणतंय, पण खरं सांगू? माणसाच्या पोटात एक आणि ओठात एक. बाटलीत फक्त पोटातलं. मला तेवढंच हवं होतं. कितीही कडू असो, खरं ते माणसाला कळलंच पाहिजे, त्याचा हक्कच आहे तो.

काय म्हणालात? ... मुलगा असं बोलला? "आईला उपाशी ठेवलंत"? तुमच्या तोंडावर? जिभेला काही हाड! ... बारीक झाल्या होत्या, मान्य, पण जेवायच्या ना? ... आत, स्वयंपाकघरात. "माझं झालं" म्हणायच्या. हं. आणि उलट उरायचंच म्हणता, शेवटी शेवटी, भांड्यात? आग्रह करकरून तुम्हालाच वाढायच्या? मग झालं तर! उपाशी माणसाच्या घरी कधी उरतं का? थांबा, हातच्या कांकणाला आरसा कशाला — काकूंनी स्वतः भरलेली शेवटची बाटली आहे ना आपल्याकडे. गेल्या खेपेच्या बाटल्यांत खाल्लेलं दिसतंय का, एवढं बघायचं राहूनच गेलं, नव्या द्रव्याच्याच मागे लागले होते मी. आता बघू. छापूनच देते, ठेवा चिरंजिवांच्या हातावर. तुम्हीही असे इकडे या, दिसेल तुम्हाला.

ही नव्हे... ही. ही काकूंची.

सपाट आहे. ... सपाट म्हणजे — रेघ उठलेलीच नाही, काका. म्हणजे सोयाबीन पोटात गेलेलं नाही. दाणासुद्धा नाही. ... नाही हो, मशीन कसं चुकेल, तुमचीही बाटली त्याच फेरीत होती, ती बघा ना, ही तुमची, कशी उंच गेलीय, नेहमीच्या दुप्पट, बरोबर दोन वाट्यांची —

काका.

मला तसं म्हणायचं नव्हतं. त्यांना गिळवत नसेल, टाकवतही नसेल — तुम्हाला कसं कळणार होतं? त्यांनी कळू दिलंच नसणार. बंद करते मी हे, नका बघू. बसा ना. ती खुर्ची नको, काका, ती डुगडुगते — बरं, बसा, तिथेच बसा, मी धरते.