मशीनवरचे गिलास

कशाला उकरून काढायला लावता रे? बरं, ऐका. भूकंपात घर अंगावर पडलं, तवापासून मी बसतो तिथं स्टीलचे गिलास एकावर एक रचतो. जमीन हलली की तेच आधी पडतात. लातूरच्या एका क्लासात मी दरवान होतो. खुर्ची कॉम्प्युटरच्या मोठ्या मशीनच्या खोलीत, म्हणून गिलास मशीनवरच.

आमचे जावईबापू दिगंबरराव तिथं इंजिनियर. कॉम्प्युटरच्या, नुसत्या फंक्शनांच्या कसल्याशा भाषेत त्यांनी प्रॉक्सी नावाचा हलकासा प्रोग्राम लिहिला. म्हणाले, "मामा, हा बी दरवानच. निकाल मागणाऱ्याला दारात थांबवतो आन् आतल्या मशीनकडून आणून देतो."

निकाल लागला आन् गिलास थरथरून खाली पडले. मी ओरडलो, "भूकंप! पळा!" जिन्यावर पोरापोरींची रेटारेटी, रडारड. माझे तर पायच उचलेनात. जावईबापू मला ढकलून पहिले बाहेर.

जमीन गप्पच होती. त्यांनी आतल्या मशीनच्या जागी प्रॉक्सीचाच पत्ता लिहिला होता. तो प्रत्येक मागणी स्वतःलाच देत राहिला, पंखे पिसाळले, मशीन हादरलं.

आन् वर जावईबापूच सगळ्यांसमोर म्हणतात, "मामा लई घाबरट हायत."

जावयाला कसं बोलायचं? पडलेले गिलास गोळा करून पुन्हा रचले. अजून पंखा घरघरला की मी आधी दाराकडं बघतो. माफी मागायची राहिली हाय ती आमच्या दिगंबररावांनी.