अकरावे पान

—नाही, तिथे नको, त्या खांबाजवळ नको बसूस, कोकिळा. इकडे खुर्चीवर बैस. संकोच कसला? तू आता माझी विद्यार्थिनी नाहीस, दोन मुलांची आई आहेस. आण ती नगरपालिकेची नोटीस. 'टेकडीपुऱ्यातील सहा कोरकू कुटुंबे उपरी असल्याने त्यांनी सोमवारपर्यंत जागा सोडावी' — आणि आधार म्हणून माझ्या पुस्तिकेचे अकरावे पान. हे मला ठाऊक नव्हते. म्हणजे — कानावर आले होते. आठवड्यापूर्वीच आले होते.

मी तसे का लिहिले, विचारतेस? इतिहास कशावर लिहायचा असतो? पुराव्यावर. नगरपालिकेने टेकडीपुऱ्याचा इतिहास मागितला. मी नागपूरला जाऊन जुने दप्तर चाळले — निजामाच्या अमलातला एक उल्लेख, मग इंग्रज, मग नांदुऱ्याला रेल्वे आली, इकडे कापसातली सरकी काढायचे जिन उभे राहिले, जिनाच्या पुढे व्यापाऱ्यांची घरे, मागे मजुरांची, छप्पन सालानंतर खालच्या अंगाला बौद्ध मंडळींचे विहार. आणि या सगळ्याआधी? आधी टेकडी ओसाड. कागद तसे म्हणतो. कागदाच्या लेखी ओसाड म्हणजे काय — जिथून सारा येत नाही, ते ओसाड. हे मला तेव्हा कळत नव्हते, असे नाही.

तुझी आई आली होती माझ्याकडे. बनाबाई इथेच, पायरीवर बसली. मी तिला वर बोलावले होते, असे मी इतके दिवस समजत होते — नव्हते बोलावले. म्हणाली, 'बाई, जिन नव्हता तवापासून आमी इथलेच. टेकडीवर आमच्या मेलेल्या माणसायच्या नावाचे सागाचे खांब होते. त्यावर चांद-सूर्य अन् घोड्यावरचा माणूस कोरेल होता. जिनवाल्यायनं उपटून नेले.' मी विचारले, कागद आहे का? ती हसली — 'मेलेल्याले कागद कोन देते, बाई?' मी वहीत लिहिले, पुराव्याअभावी अग्राह्य. आणि छापले काय, तर 'कोरकू कुटुंबे सुमारे एकोणीसशे वीस साली सोनाळ्याकडच्या डोंगरातून मजुरीसाठी आली.' ते साल कुठले? जिनाच्या हजेरीपटात त्यांची नावे तेव्हा प्रथम दिसतात. नावे प्रथम दिसतात, माणसे नव्हेत — हा फरक मी दरवर्षी मॅट्रिकच्या वर्गाला शिकवते. तुलाही शिकवला असेन.

तुम्ही मूळचे इथलेच, असा दाखला लिहून देईन गं, पण कशाच्या बळावर? नगराध्यक्ष विचारतील, बाई, मागच्या वर्षी पुरावा नव्हता, यंदा कुठून उगवला? एक खांब जरी कुठे उरला असता, तरी मी — तिकडे काय पाहतेस? पडवीचा खांब आहे तो. सागाचा, हो. आमचे वडील जिनात कारकून होते. मालकाने टेकडी साफ केली तेव्हा त्यांना लाकूड स्वस्तात मिळाले. फुकटच मिळाले. दर दिवाळीला चुना लागतो त्याला, मागची बाजू भिंतीकडे आहे, तिथे हात पोचत नाही — मोठ्या माणसाचा पोचत नाही. लपंडावात मी त्या सांदीत शिरायची, तेव्हा बोटांना घोड्याचे पाय लागायचे. चार पाय, आणि वर एक गोल. मला वाटे, सगळ्यांच्याच खांबांना घोडे असतात.

तुझी आई सांगत होती तेव्हा मी याच खांबाला टेकून लिहीत होते, कोकिळा. 'अग्राह्य' हा शब्द लिहिताना पाठ त्यालाच लागलेली होती. तिचे म्हणणे खरे म्हणून लिहिले असते, तर कुणाच्या मेलेल्या माणसावर आमचे छप्पर उभे आहे, हेही लिहावे लागले असते.

नखाने नको खरवडूस, चुना जुना आहे, निघायचा नाही. आणि नुसते माझ्या सांगण्यावर नगरपालिका ऐकायची नाही, मी तिला तशी सवय लावलेली नाही. खांब बाहेर काढून दाखवावा लागेल. सुतार घेऊन ये. आजच. पडवी उतरवल्याशिवाय तो निघणार नाही, ते मला कळते. छप्पर माझे आहे, त्याची काळजी तू कशाला करतेस? तू सुतार बघ. अशी बघत उभी राहू नकोस माझ्याकडे — जा.