फाटकाला विचार

आजच्या समारंभाचे अध्यक्ष बंदरप्रमुख साहेब, व्यासपीठावरचे सैन्याच्या पुरवठा विभागाचे कर्नलसाहेब, आपले सत्कारमूर्ती, वहिनी, आणि चहा कधी येतो म्हणून दाराकडे बघणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांनो,

आधी दिलगिरी. पुष्पगुच्छ उशिरा आला. फुलवाल्याची गाडी फाटकात पाऊण तास अडकली होती. त्याकडे मी परत येणार आहे, यावंच लागेल.

सत्कारमूर्तींना आपण पाठीमागे 'वजाबाकी' म्हणतो. साहेब, आज कळलं तर कळू दे! मी नवीन असताना ऐटीत सांगितलं होतं, सहा क्रेन, म्हणजे दिवसाला सहा हजार टन. साहेब म्हणाले, "वा! आणि धक्क्यावरून माल उडत जाणार का रे? क्रेनला विचारू नकोस, फाटकाला विचार." दोन दिवस घड्याळ घेऊन मला फाटकावर उभं केलं. सहा मिनिटांना एक ट्रक, दहा टनांचा. वीस तासांत एका फाटकातून दोन हजार टन. बस्स.

बंदरातून दिवसाला किती माल बाहेर पडेल, तो आकडा काल कर्नलसाहेबांनी मागितला. साहेब म्हणाले, "आता तूच कर." केला. दोन फाटकं, चार हजार टन, खाली माझी सही. आज सकाळी तो कागद पाकिटात घालून त्यांना दिलासुद्धा. खरं सांगू? तो माल ज्या तुकडीला जायचाय, तिच्यात माझा भाचा आहे. ताईचा रोज फोन येतो. आकडा मोठा आला, मला बरं वाटलं, आणि मी फाटकावर गेलोच नाही.

मघाशी फुलवाला घामाघूम होऊन आला. "अहो, पूर्वेचं फाटक सोमवारपासून खणून ठेवलंय! सगळे एकाच फाटकातून!" कर्नलसाहेब, मी तुमच्याकडे धावलोच होतो, तेवढ्यात माझं नाव पुकारलं. साहेबांच्या गुणांची यादी खिशात आहे, ती आता खिशातच राहू दे. चार हजारांच्या भरवशावर जहाजं निघाली, तर अर्धा माल धक्क्यावर पडून राहील. औषधं नेमकी तळाला असतील. ताईला मी काय सांगू?

भाषण संपवताना, काही चुकलं असल्यास पोटात घाला, असं म्हणायची रीत आहे. कर्नलसाहेब, कृपा करून ही चूक पोटात घालू नका. पाकीट परत द्या.

साहेब, तुम्ही कशाला उठलात? तुमचा सत्कार आहे... बरं, चला. घड्याळ आहे ना?

सर्वांचे मनापासून आभार. आमचा दोघांचा चहा झाकून ठेवा.