आभारातलं नाव

घाटकोपरच्या झेरॉक्सच्या दुकानात रत्नप्रभाबाई रांगेत उभ्या होत्या. त्यांच्यापुढे कॉलेजच्या दोन मुली होत्या. श्रुतिकाला पोस्टर छापायचं होतं आणि माधुरी तिच्या सोबतीला आली होती.

"ऐंशी लाख वर्षं! इतका कोवळा तारकागुच्छ, सर उडालेच. उद्याच्या परिषदेत पहिलं पोस्टर माझं," श्रुतिका म्हणाली.

"सकाळपासून तिसऱ्यांदा सांगतेयस."

"जळू नकोस गं. फोटोमेट्री तुझीच आहे ना."

"दोन महिने एकेका ताऱ्याचा प्रकाश मोजला मी. माझं नाव कुठेय?"

"खाली, आभारात. सर म्हणाले, वय काढणं हेच खरं काम. अवकाशातल्या धुळीमुळे तारे जास्त लाल दिसतात ना, तो लालपणा वजा केला, तेव्हा कुठे वय आलं."

"वजा कोणी केला?"

"मीच, मग कोण? थांब, आईचा फोन आहे. आलेच."

श्रुतिका दुकानाबाहेर गेली. माधुरीनेही एका मित्राला फोन लावला.

"प्रबुद्ध, वाट लागली रे हिची. लालपणा मी वजा करूनच आकडे दिले होते, मेलमध्ये लिहिलंही होतं. हिने परत वजा केला. म्हणून तारे निळे झाले, आणि निळे म्हणजे तरुण, म्हणून गुच्छ कोवळा... हो रे, सांगायला हवं. पण आभारात टाकलंय मला, आभारात!"

श्रुतिका परत आली.

"ताई, छापू का?" दुकानदाराने विचारलं. "नंतर बदल होणार नाही."

"माधुरी, तू बघ ना एकदा. तुझी नजर बारीक आहे."

माधुरीने पडद्यावरचं पोस्टर खालच्या आभारापर्यंत वाचलं.

"झकास झालंय. फक्त माझं नाव काढून टाक."