दोन सारख्या खाचा

डोळ्यांत औषध घालून बाकावर बसवलेल्या मास्तरीणबाईंना डोळे उघडायला मनाई होती, कान उघडे ठेवायला नव्हती. शेजारी एक जोडपं नंबर यायची वाट पाहत होतं.

“अहो, एक वायर चुकली म्हणून कोणी कामावरून काढील का?”

“एक नाही, अकरा. वायफायच्या डब्याला दोन सारख्या खाचा असतात. एक नेटची, दुसरी कन्सोलची. डबा मुका झाला की कन्सोलमधून त्याला बोलतं करायचं.”

“मग?”

“मी वायर नेटच्याच खाचेत घालत बसलो. स्क्रीन काळी ती काळीच. अकराही डबे मेले म्हणून लिहून दिलं. साहेबांनी चहा संपायच्या आत सगळे जिवंत केले.”

“खाचेशेजारी नाव नसतं?”

“असतं की. मुंगीएवढं.”

“मग सांगायचं ना साहेबांना, दिसत नाही म्हणून!”

“निष्काळजीपणा झाला, असं सांगितलं. निष्काळजी माणसाला ताकीद देतात. न दिसणाऱ्याला नारळ.”

“आज चष्मा बदलून देतील हो.”

“चष्म्यानं आता भागायचं नाही, असं डॉक्टर मागच्या खेपेलाच म्हणाले.”

“मला नाही बोललात ते.”

“काय बोलायचं?”

“मग उद्यापासून मी येते. मी वाचीन, तुम्ही वायर घाला.”

“अगं, डबे छताला असतात.”

“मग शिडी तुम्ही धरा.”