कॉलरवरचा बिल्ला

—हा? हा बिल्ला होय? काही नाही हो साहेब, बक्षीस मिळालंय मला. सव्वीस वर्षं लोकांचे कोट ड्रायक्लीन केले म्हणून पोटच्या पोरीनं स्वतःच्या हातानं कॉलरला लावलाय. हसताय काय, खरंच तिनं लावलाय—सकाळी नऊ वाजता, घड्याळ बघून, वहीत वेळ लिहून. संध्याकाळी पाचला येणार, काढणार, डबीत बंद करणार आणि प्रयोगशाळेत पाठवणार. मग प्रयोगशाळा सांगणार, हिच्या बापानं दिवसभर नाकानं काय काय खाल्लं ते. तोंडानं काय खाल्लं ते कुणी विचारत नाही, सकाळपासून उपाशी आहे—असो. तुमचं काय होतं? पावती द्या. राखाडी कोट, खिशावर कॉफीचा डाग. बरोबर. तो... तो व्हायचाय अजून. हो, आज दुपारी एकला सांगितला होता, मान्य. मशीन बंद आहे आज. छे, बिघडलं नाही. बिघडेल कशाला? नुसतं बंद आहे. बसा की दोन मिनिटं, ते स्टूल ओढा. आणि दार राहू द्या उघडं. एरवी बंद असतं, रस्त्याची धूळ येते कपड्यांवर, पण आज असू द्या.

सगळं त्या कोर्सपासून सुरू झालं. कॉलेजात एक जादा विषय घ्यायचा होता तिला. म्हटलं टायपिंग घे, शिवण घे, पोटापाण्याला लागेल असं काहीतरी घे. नाही. हिनं घेतलं काय? पर्यावरणीय आरोग्य आणि शाश्वतता. नुसतं नाव वाचतानाच मला दम लागला. शाश्वत म्हणजे काय गं, विचारलं. तर म्हणे, बाबा, जे टिकतं ते. म्हटलं, या दुकानात एकच गोष्ट टिकलेली आहे, गिऱ्हाइकाची घाई. —तुम्हाला नाही म्हणालो, तुम्ही बसा. पहिले दोन महिने तर काय विचारूच नका. घरात पर्यावरणमंत्रीच आल्या राहायला. फ्रिजवर चिठ्ठी, दिव्याच्या बटणावर चिठ्ठी, संडासात चिठ्ठी—बसल्या बसल्या वाचायला. आंघोळीच्या बादलीवर नखांच्या रंगानं रेघ मारलेली, यापेक्षा वर पाणी घ्यायचं नाही. आणि मंत्रीणबाई स्वतः आत शिरल्या की पाऊण तास बाहेर नाहीत! लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय. पुढे पुढे तर या काउंटरवर येऊन उभी राहायला लागली. मी कोट कव्हरात घालतोय आणि ही गिऱ्हाइकाला विचारतेय, काकू, तुम्हाला खरंच या प्लास्टिकची गरज आहे का? माझ्याच दुकानात! एक बाई आपलं गाठोडं उचलून समोरच्या दुकानात गेल्या, त्या आजतागायत आल्या नाहीत. मी म्हटलं, वा, कोर्स चांगला चाललाय, परीक्षेपर्यंत दुकान पार निर्मळ होईल, एक कपडा उरायचा नाही.

पण ते बरं होतं हो. आता वाटतं, ते फार बरं होतं. मग एकदा त्यांच्या मॅडम सगळ्यांना कुठेशी घेऊन गेल्या, बुटांचे तळ चिकटवतात त्या कारखान्यात. संध्याकाळी आली, जेवली, ताट उचललं. मी म्हटलं, काय मंत्रीणबाई, आज भाषण नाही? तर म्हणाली, तिथल्या बायकांना मी सांगायला गेले की खिडक्या उघड्या ठेवा. त्या म्हणाल्या, उघडल्या की गोंद वाळतो आणि मुकादम ओरडतो, तू येतेस का त्याला सांगायला? एवढंच बोलली. दुसऱ्या दिवशी बघतो तर घरातल्या सगळ्या चिठ्ठ्या काढलेल्या. म्हटलं, चला, ताप उतरला. कसला उतरतोय! पोरगी सांगायची बंद झाली आणि विचारायला लागली. बाबा, मशीनचं दार उघडता तेव्हा तुमचं तोंड कुठे असतं? बाबा, कपडे ओलसर असतात का बाहेर काढताना? शनिवारी तो गाळ कोण काढतं? गाळ म्हणजे, त्याचं असं आहे साहेब, आमच्या मशीनमध्ये पाणी नसतं, एक रसायन असतं. ते मळलं की मागच्या भट्टीत उकळून स्वच्छ करायचं, परत वापरायचं. तळाला काळा डांबरासारखा गाळ राहतो, तो खरवडून काढावा लागतो. कोण काढतं म्हणजे? हिची आई काढते. तिचा हात लहान, झाकणातून आत जातो. माझा जात नाही. यात विचारण्यासारखं काय आहे? पण पोरगी लिहून घेते. मान खाली घालून लिहून घेते. सांगणारी पोर परवडली साहेब, विचारणारी नाही.

आणि नुसती लिहून तरी घ्यावी ना. एक दिवस घरी गेलो तर माझा लोकरीचा कोट—लग्नातला, तीस वर्षांचा—मोरीत. पाण्यात! मी किंचाळलोच. सव्वीस वर्षं मी लोकांना सांगतोय, लोकरीला पाणी लावाल तर कोट बाहुलीला होईल. ही म्हणते, बाबा, एक पद्धत आहे, थंड पाणी, वेगळा साबण, पिळायचं नाही, आडवं वाळवायचं, तसली मशीनसुद्धा निघालीत, मी दोन ठिकाणी जाऊन बघून आले. मी चार दिवस बोललो नाही तिच्याशी. कोट? कोटाचं काय व्हायचंय. आटला नाही. मी टेपनं बाही मोजली ना. तीनदा मोजली, घरी कुणी नसताना. अर्ध्या बोटाचासुद्धा फरक नाही. पण मी तिला अजून सांगितलेलं नाही, तुम्हीही बोलू नका. घालून बघायचाय एकदा, म्हणून इथंच आणून टांगलाय. हो, तोच. हात लावून बघा, मऊ पडलाय उलट—राहू द्या, नको.

मग आलं प्रश्नांचं भेंडोळं. कोर्समधलंच, छापील. पोरीनं आईला समोर बसवलं. डोकं किती वेळा दुखतं? कुठल्या दिवशी? किती वाजता सुरू होतं? हिनं सांगितलं, दुकानात आलं की तासाभरात सुरू होतं, साडेबाराला कपाळ बांधावं लागतं, सुट्टीच्या दिवशी नाही गं दुखत. मी तिकडून म्हटलं, सुट्टीच्या दिवशी कुणाचं डोकं दुखतं? जोरदार विनोद! हा विनोद मी सतरा वर्षं करतोय साहेब. गिऱ्हाइकांसमोर करतो, पाहुण्यांत करतो. आमच्या मंडळींचं डोकं फार शिस्तीचं, काम दिसलं की दुखतं. सगळे हसतात. हीसुद्धा हसायची, कपाळाला फडकं बांधलेलं आणि हसायची. त्या दिवशी पोरगी हसली नाही. तिनं नुसती एका चौकोनात खूण केली. मग विचारलं, आई, वास येतो का तुला? कसला वास, म्हणाली ही. मशीनचा. म्हणाली, पूर्वी यायचा, आता कसलाच येत नाही, परवा दूध करपलं तेही शेजारणीनं सांगितलं. आणखी एक खूण. दुधाचं मला माहीत नव्हतं हो. म्हणजे करपलेलं माहीत होतं, चांगला ओरडलो होतो मी तिच्यावर. वास येत नाही हे माहीत नव्हतं.

तर बिल्ला. हा दुसरा. पहिला तिनं आतल्या खोलीत मशीनशेजारी खिळ्याला लावला होता, महिन्यापूर्वी. हवेतलं रसायन तो शोषून घेतो, नंतर मोजतात. तिचा शेवटचा प्रकल्प हाच होता, आमचंच दुकान. बाबा, लक्ष ठेवा, म्हणाली आणि कॉलेजात गेली. मी लक्ष ठेवलं! आता सव्वीस वर्षांची सवय. चांगली वस्तू उघडी दिसली की हात आपोआप कव्हराकडे जातो. घातला त्याला प्लास्टिकच्या कव्हरात, धूळ बसू नये म्हणून. संध्याकाळी ती यायच्या आत काढून ठेवलं. निकाल आला, शून्य. साफ शून्य! मॅडमनी भर वर्गात वाचून दाखवला. म्हणाल्या, या दुकानात आपल्या वर्गापेक्षा शुद्ध हवा आहे, आपण सगळे तिथं राहायला जाऊ या. पोरं खो-खो हसली. एवढ्या महिन्यांची मेहनत, आणि सगळ्यांना वाटलं की हिनंच खोटं केलं, घरचं दुकान ना. घरी आली तेव्हा मी सांगून टाकलं, कव्हर घातलं होतं बुवा, सवयीनं. मला वाटलं, आता कडाडणार. पूर्वीची असती तर भिंतीवर चिठ्ठी लावली असती, बाप नावाचा प्रदूषक म्हणून. नाही ओरडली. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, चूक माझी आहे बाबा, बिल्ला कशासाठी असतो ते मी तुम्हाला नीट समजावलंच नाही. मॅडमनाही तसंच लिहून दिलं. तेवढ्यावर त्यांनी आणखी एक बिल्ला दिला, शेवटचा.

काय म्हणालात? कव्हर खालून उघडं असतं? असतं की. कोटाचं कव्हर खालून उघडंच असतं. मग हवा कशी... तुम्ही वकील आहात का हो? नाही, प्रश्न तसाच विचारलात. टेप लावली होती. खालून. खालून टेप लावली, वर हँगरच्या भोकाला लावली. आता कळलं? झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हटलं राहू दे झाकलेली. आणि ती म्हणाली ना समजावलं नाही, ते खोटं आहे. समजावलं होतं तिनं. दोनदा. या काउंटरवर कागद ठेवून चित्र काढून समजावलं होतं. मला ठाऊक आहे, तिलाही ठाऊक आहे. आणि मॅडमना तसं लिहून देऊन पोरीनं बापावरच कव्हर घातलं. तेव्हापासून आम्ही जेवताना एकमेकांकडे बघत नाही.

नाही, बंदी-बिंदी कोण घालतंय. मॅडम म्हणाल्या, आम्ही कुणाला कळवणार नाही, आकडा घरच्यांना देऊ, घरच्यांनी ठरवावं. तेच तर! सरकारी माणूस असता तर चहा पाजून भांडलो तरी असतो. पण घरात आकडा आला की संपलं. पोरगी आईला आतल्या खोलीत पाऊल टाकू देणार नाही. ही नसली तर मशीन कोण भरणार, गाळ कोण काढणार? आणि मशीन म्हणजेच दुकान, साहेब, बाकी हे काउंटर आणि मी, आम्ही शोभेचे. ते पाण्याचं नवीन शिकायचं म्हणजे या वयात परत कच्चा लिंबू. सकाळी बिल्ला लावताना एवढंच म्हणाली, बाबा, रोजच्यासारखं काम करा. बाकी काही नको. रोजच्यासारखं. म्हणून तर मी सकाळपासून इथं दारात बसलोय, पंखा लावून, दार उघडं टाकून, मशीन बंद ठेवून. तुमचा कोट उगाच नाही राहिला.

बघू नका असं. बापाला पोरीपेक्षा थोडं जास्त कळतं... 

—कोण? कोण गातंय? रेडिओ असेल. नाही, रेडिओ तर इथं माझ्यापाशी आहे, बंद आहे. थांबा जरा.

ही आहे. आमची मंडळी. आत बसून बटणं लावतेय, मशीन नाही म्हणून. गुणगुणतेय ती. पूर्वी गायची, दुकान काढलं तेव्हा सारखी गायची, मी म्हणायचो, अगं, गिऱ्हाईक घाबरून पळेल... किती वाजले? एक वाजून गेला? साडेबाराला फडकं मागते ती. ओलं फडकं. रोज मीच देतो भिजवून. आज मागितलं नाही. अगं ए! डोकं कसं आहे? ... ऐकलंत ना? काय म्हणाली? म्हणते, अय्या, विसरलेच.

विसरलेच म्हणते.

सतरा वर्षं हो. सतरा वर्षं मी लोकांना हसवलं.

नाही, मला काही झालेलं नाही. तुमची पावती घ्या. उद्या सकाळी या, कोट तयार असेल. अगं, ऐक, ती बटणं राहू दे. घरी जा तू. आत्ताच जा, चप्पल घाल. कशाला म्हणजे काय, मी सांगतोय म्हणून. आणि पोरीला म्हणावं पाचलाच ये, आधी नको. आतलं आज मी बघतो. गाळ आज माझ्या हातानं निघतो का बघू.

तुम्ही निघा साहेब, अजून चार तास आहेत, मला मशीन सुरू करायचंय. तो पंखा तेवढा बंद करा जाता जाता. आणि दार ओढून घ्या. पूर्ण. रोज बंदच असतं.